लातूर ते परळ: एंडोमेट्रिओसिसच्या अभ्यासात भाग घ्यायला जाताना

लातूरहून रात्री सुटणारी मुंबईची गाडी सकाळी दादरला सोडते. तिथून मध्य रेल्वेची सीएसएमटीकडे जाणारी धिमी लोकल पकडायची, पुढचंच स्टेशन परळ. जलद लोकल तिथे थांबत नाही. नांदेड, परभणी, जालन्याकडच्यांना रात्रीची देवगिरी एक्सप्रेस सोयीची. परळला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन आणि बाल आरोग्याची संशोधन संस्था आहे. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा दुखरा आजार. त्याच्या वैद्यकीय व आनुवंशिक अंगाचा अनेक केंद्रांवर चालणारा अभ्यास तिथूनच उभा राहिला. रस्ता असा सरळ आहे. हेलपाटा पडतो तो निघण्याआधीच्या तयारीत काही राहिलं म्हणून.

सीटीआरआय ही वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही नेटवर मोफत पाहता येते. आजाराचं नाव इंग्रजीत टाकून शोधा. अभ्यास सापडला की भरती सुरू आहे का, वयाची अट काय आणि केंद्रं कुठे आहेत, एवढं आधी पाहा. संभाजीनगर किंवा पुण्यात केंद्र असेल तर मुंबई कशाला गाठायची? मग दिलेल्या नंबरवर फोन करून विचारा: किती वेळा यावं लागेल, उपाशीपोटी यायचं का, पाळीच्या कितव्या दिवशी, हार्मोनच्या गोळ्या चालतात का. पुष्कळ अभ्यासांत गेल्या तीन महिन्यांत हार्मोन घेतलेल्यांना घेत नाहीत. पण तेवढ्यासाठी डायनोजेस्टसारखी हार्मोनची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुखणं परत उसळलं तर ते तुम्हालाच निस्तरावं लागतं.

पाळीच्या ठराविक दिवशी नमुना हवा असेल तर आरक्षण जमता जमत नाही. तिकीट साठ दिवस आधी मिळतं, पाळी मात्र चार दिवस मागेपुढे होते. अशा वेळी पाळी सुरू झाल्यावरच तात्काळ काढायचं. स्लीपरचं आदल्या दिवशी सकाळी 11 वाजता उघडतं, आणि ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते महिनाभर आधीच उरकून ठेवा. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर रात्री जेवून गाडीत बसा आणि नंतर फक्त पाणी. पहाटे कल्याणला चहावाला डब्यात चढला की उपास मोडतो, आणि कधी कधी अख्खी फेरी वाया जाते.

पिशवीत सगळ्यात वर फाइल: डिस्चार्ज कार्ड, लॅप्रोस्कोपीचा (दुर्बिणीच्या ऑपरेशनचा) अहवाल, काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, एमआरआयची सीडी, चालू गोळ्यांची पाकिटं. ‘ऑपरेशन झालंय’ एवढ्याने भागत नाही, काय काढलं ते कागदावर लागतं. बीडकडच्या बायकांना हे जास्तच लागू. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी जणींची गर्भपिशवी काढलेली आहे. राज्य सरकारला 2019 मध्ये त्यावर समिती नेमावी लागली. पिशवी काढूनही एंडोमेट्रिओसिसचं दुखणं राहू शकतं, पण अंडाशय ठेवले की काढले हे कळल्याशिवाय अभ्यासवाल्यांना नोंद करता येत नाही. कागद नसेल तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्यातून नक्कल मागवा. तोडीच्या हंगामात फेऱ्या जमणार नसतील तर आधीच सांगा, निम्म्यावर सोडण्यापेक्षा ते बरं.

पोचल्यावर पहिलं काम संमतीपत्राचं. ते मराठीतच मागा, घाई करू नका, आणि एक प्रत घरी न्या. मधूनच बाहेर पडता येतं, त्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. नमुने पुढच्या संशोधनासाठी ठेवायचे का, याची खूण वेगळी असते. नको असेल तर तसं लिहा. वय अठराच्या आत असेल तर पालकाची सही लागतेच, शिवाय मुलीचा स्वतःचा होकारही.

प्रश्नावलीत बराच वेळ जातो. ईएचपी-30 नावाची प्रश्नावली पुष्कळ ठिकाणी वापरतात: तीस प्रश्न, सगळे मागच्या चार आठवड्यांबद्दलचे, उत्तर ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ यांतलं एक. शरीरसंबंध, मूल न होणं, काम यांचे प्रश्न वेगळ्या भागांत असतात. तो भाग तुम्हाला लागू नसेल तर तशी खूण करून पुढे जा. सासू किंवा नवरा शेजारी बसून उत्तरं सांगू लागला की माहिती बिघडते. ‘एकटीने भरायचंय’ म्हणायला लाजू नका. आपल्याकडे ‘सहन होतंय’ म्हणून दुखण्याला दहापैकी 4 लिहायची सवय आहे. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वात वाईट. कळ येऊन भाकरी थापणं थांबलं, शाळा बुडली, तर त्या दिवसाला 4 कसा? वेदनेची डायरी दिली असेल तर रोज रात्री त्या दिवसाचा आकडा आणि घेतलेली मेफ्टालसारखी दुखण्यावरची गोळी लिहा. परतीच्या तारखेच्या आदल्या रात्री महिनाभराचे रकाने एका पेनाने भरलेले ओळखू येतात, आणि त्यांचा काही उपयोग नसतो.

लग्न न झालेल्या मुलींनी योनीमार्गे सोनोग्राफीला नाही म्हटलं तर चालतं. पोटावरून किंवा एमआरआय करतात का, हे फोनवरच विचारा.

प्रवासखर्च मिळणार का, सोबतच्या माणसाचाही का, हे निघण्याआधी ठरवा. मिळणार असेल तर सगळी तिकिटं जपा. एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, त्यामुळे तुमच्या तिकिटाची रक्कम कमी दिसते. सोबत्याचं वेगळं काढा. पासबुकाची झेरॉक्स न्या, पैसे खात्यात येतात. आनुवंशिक तपासणीचा निकाल प्रत्येकीला कळवतातच असं नाही. सोनोग्राफीचा अहवाल मात्र मागा, गावाकडच्या डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.