रविवार खाणारी टाकी

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न सांगली-मिरजेतून येवो नाहीतर साताऱ्यातून, वळण एकच असतं: "प्लांटेड टँक, म्हणजे खरी झाडं लावलेली माशांची टाकी, दिसते झकास, पण दर रविवारी छाटणी, काच घासणं, दोन बादल्या पाणी बदलणं. मोडायची नाहीये, काम मात्र कमी करायचंय. काय काढू?"

काय काढायचं ते नंतर. आधी दिवा. झाडं किती वाढणार आणि किती खाणार, हे दिवा ठरवतो. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. झाडांना पाण्यात कार्बन डायऑक्साइड पुरवणारा सीओटूचा सिलिंडर संपला की "आता बास" म्हणून तो बंद करतात आणि दिवा पूर्वीसारखाच आठ-नऊ तास चालू ठेवतात. म्हणजे झाडांना भूक लावायची आणि समोरचं ताट उचलून न्यायचं. झाडं थांबतात, उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं. पानांच्या कडांना काळी दाढी फुटते ती अशा वेळी.

म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त दिवा कमी करा. सहा तास पुरे. मंद करायची सोय नसेल तर दहा-पंधरा सेंटिमीटर वर टांगा. दुसऱ्या आठवड्यापासून सीओटूचे बुडबुडे दर आठवड्याला निम्मे करत न्या आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी बंद करा. दोन फुटी टाकीत, म्हणजे ६० बाय ३० बाय ३८ सेंटिमीटरच्या, खडी-दगड वजा जाता पन्नास-पंचावन्न लिटर पाणी बसतं. तिला १० ते १२ वॅटची एलईडी पट्टी भरपूर झाली. टायमर बॅटरीवाला डिजिटल घ्या. चकतीवाला स्वस्त मिळतो, पण वीज गेली की त्याची चकतीही थांबते. आठवड्यात तीनदा लाईट गेली की संध्याकाळचा दिवा रात्री अकरापर्यंत जळत राहतो आणि शेवाळ का आलं ते कळत नाही.

आता झाडं. रोटालासारखी लाल झाडं, अल्टरनँथेरा, समोरचा माँटे कार्लोचा गालिचा, हे सगळं काढा. मंद उजेडात ती मरत मरत जगतात आणि सडणारं प्रत्येक पान पाण्यात माशांना विषारी असा अमोनिया सोडतं. त्यांच्या जागी अनुबियास नाना चार, जावा फर्नचे तीन झुपके आणि क्रिप्टोकोरीन वेंडटीची पाच-सहा रोपं. यातली पहिली दोन खडीत पुरायची नाहीत. त्यांचं आडवं खोड गाडलं की कुजतं. दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधा, नाहीतर खोड टिपून घेऊन फेविक्विकच्या दोन थेंबांनी चिकटवा. पांढरा डाग राहतो, तो कालांतराने झाकतो. अनुबियास लाकडाच्या सावलीत ठेवा. त्याचं पान वर्ष-वर्ष टिकतं, उघड्या उजेडात तेवढाच काळ त्यावर शेवाळ साचतं.

क्रिप्टोकोरीन लावल्यावर आठ-दहा दिवसांत पानं वितळल्यासारखी गळतात. घाबरून उपटू नका. मूळ जिवंत असतं, तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात. फक्त गळलेली पानं उचलत राहा.

तळाची विकतची जुनी माती, जिला दुकानात अॅक्वासॉइल म्हणतात, दोन-तीन वर्षांत भुगा होते. ती पुन्हा विकत घेऊ नका. दोन-तीन मिलिमीटरची धुतलेली खडी पुढे तीन, मागे सहा सेंटिमीटर लावा. साधारण बारा किलो लागते. क्रिप्टोकोरीनच्या मुळाशी खताची गोळी, दर तीन-चार महिन्यांनी. शेतातली काळी माती घालू का, असं हमखास विचारतात. नको. ती फुगते, हात लागला की पाणी गढूळ करते, आणि रानातली असेल तर युरियाही सोबत आणते. दगड आपला काळा बसाल्ट उत्तम, पण खाणीतल्या बसाल्टच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे स्फटिक असतात. त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर तो चुना आहे, पाणी जड करील. खडीचीही हीच परीक्षा.

माती-झाडं बदलण्याचा दिवस मे महिन्यात धरू नका, दिवाळीनंतरचा धरा. टाकीतलं निम्मं पाणी स्वच्छ क्रेटमध्ये काढून मासे आणि एअर पंप त्यात. फिल्टरचा स्पंज आणि आतले दगड त्याच पाण्यात बुडवून ठेवा, नळाखाली धरू नका. क्लोरीनने आतले, माशांची घाण पचवणारे जिवाणू मेले की नवी टाकी आणि जुने मासे असा जीवघेणा संसार सुरू होतो. जुनी माती मासे आत असताना उकरायची नाही, साचलेला अमोनिया एकदम सुटतो. पहिले सहा आठवडे वर हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीची जुडी तरंगत ठेवा, जादा पोषण ती ओढून घेते. खाणं दिवसाआड. पहिले तीन आठवडे अमोनिया तपासा, दिसला तर त्याच दिवशी पाव पाणी बदला.

स्थिरावल्यावर पंधरा दिवसांनी पाऊण बादली, म्हणजे दहा-बारा लिटर पाणी बदललं की झालं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवा किंवा अँटिक्लोरीन घाला. जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं, तिथे एक चूक वारंवार होते: उडालेल्या पाण्याची भर बोअरनेच घालतात. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि भर घालू तसे ते वाढत जातात. भर आरओच्या पाण्याने घाला. त्याच्या टाकाऊ नळीतल्या पाण्याने मुळीच नको, त्यात तर सगळे क्षार एकवटलेले. मनी प्लांटची फांदी मागच्या कडेवरून सोडा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. माशांच्या घाणीतून साचणारं नायट्रेट उपसायला याहून स्वस्त नोकर नाही.

पाण्यात घालायचं खत आठवड्यातून एकदा, डबीवरच्या प्रमाणाच्या निम्मं. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम कमी, नवी पानं पिवळी आली तर लोह कमी. मागच्या काचेवरचं हिरवं शेवाळ राहू द्या. ते पार्श्वभूमीचं काम करतं आणि पाणीही साफ ठेवतं.

फिल्टरच्या बाबतीत माझं मत जरा जुनाट वाटेल: एवढ्या टाकीला तीन-चार वॅटच्या पंपावरचा स्पंज फिल्टर पुरतो आणि तो इन्व्हर्टरवर चालतो. बंद डब्याचा कॅनिस्टर असेल आणि वीज बरेच तास गेली असेल, तर चालू करण्याआधी उघडून टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या. आत कोंडलेलं घाण पाणी थेट माशांवर जायला नको.

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, पाणी तिशीच्या वर जातं आणि प्राणवायू कमी होतो. झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. रोज लिटर-दीड लिटर उडेल, ती भर धरून चाला.

मासे थोडे. नळाच्या पाण्यात आठ हार्लेक्विन रासबोरा, जड पाण्यात आठ नर गप्पी. फक्त नर, नाहीतर पिलांची मोजदाद हेच नवं काम. शेवाळ खाणाऱ्या निराइट गोगलगायी तीन, गोड्या पाण्यात त्यांची पिल्लावळ वाढत नाही. आणि 'काच साफ करतो' म्हणून विकला जाणारा सकर घेऊ नका. तो फूट-दीड फूट होतो आणि खातो त्याहून जास्त घाण करतो. आधीच घरात असेल तर दुकानदाराला परत करा. कृष्णेत नको, घाटावरून पुण्य म्हणून तर नकोच, तो तिथला नाही आणि तिथे तगतो. छाटलेली झाडंही नाल्यात न टाकता कुंडीत पुरा.