तुम्ही विचारलंत म्हणून: आरशावर चोच मारणारा पक्षी शुभ की अशुभ?

दुचाकीच्या गॅरेजवाल्याला लोक काय विचारणार? ॲव्हरेज का पडत नाही, सकाळी दहा किका का माराव्या लागतात, आणि शेवटी "किती झाले?" माझ्या वाट्याला आणखी एक प्रश्न येतो. संक्रांत उलटली की तो सुरू होतो आणि पहिल्या पावसापर्यंत पुरतो. गिऱ्हाईक आधी इकडेतिकडे बघतं, मग आवाज उतरवून विचारतं, "भाऊ, आमच्या स्कूटरच्या आरशावर रोज एक पक्षी येऊन टकटक करतो. काळा, एवढासा. शुभ म्हणायचं की अशुभ?"

माझं गॅरेज डिचोलीत, मये तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पक्ष्यांचं शिक्षण मी कुठे घेतलेलं नाही. पण अंगणात एका वेळी दहा-बारा गाड्या उभ्या म्हणजे वीस-बावीस आरसे, आणि कुंपणाला शेजाऱ्यांची जास्वंद. त्यामुळे हा विषय आपोआप माझ्याकडे चालत, म्हणजे उडत आला.

गेल्या फेब्रुवारीत एका पायलटाने विचारलं. (गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमचा पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल भाड्याने चालवणारा. विमानाचा नव्हे.) चेहरा उतरलेला. तीन दिवस धंदा झाला नव्हता आणि नेमका त्याच तीन दिवसांत पक्षी आरशावर येत होता. घरी बायकोने देवळात कौल घ्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, "कौल घ्या, त्याला माझी ना नाही. पण हे शुभही नाही आणि अशुभही नाही. हे भांडण आहे. आणि ते तुमच्याशी नाही."

तो पक्षी शिंजीर. बहुतेक वेळा जांभळा शिंजीर. सावलीत काळाकुळकुळीत दिसतो, उन्हात आला की पाण्यावर पेट्रोल सांडल्यासारखा निळा-जांभळा चमकतो. वजन सात-आठ ग्रॅम. माझ्या टेबलावरचा स्पार्क प्लग त्याच्या कितीतरी पट जड. नराचा हा थाट विणीच्या हंगामापुरता. एरवी तो मादीसारखाच मळकट असतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी वेगळी. अंगावर रंग चढला की डोकंही चढतं. ही फांदी माझी, ही फुलं माझी, इथे दुसरा नर दिसता कामा नये. आणि हँडलवर टेकून बघतो तर काय, हातभर अंतरावर दुसरा नर!

एकदा एका शिक्षिकाबाईंची स्कूटर कार्बोरेटर साफ करायला आली होती. मी हात पुसत होतो आणि हा ब्रेकच्या लिव्हरवर येऊन बसला. आधी मान ताणून बघितलं. मग पंख थोडे उचलून काखेतले पिवळे-केशरी झुपके बाहेर काढले. हे झुपके एरवी दिसतसुद्धा नाहीत, खास दम द्यायला राखून ठेवलेले असतात. समोरच्यानेही काढले. याने चोच मारली, त्यानेही मारली, नेमकी त्याच जागी. मग याने काचेसमोर फडफडत पायांनी ओरबाडायचा प्रयत्न केला, पाय घसरले, परत लिव्हरवर. आणि मग तो गुपचूप आरशाच्या मागे गेला. तिथे काळं प्लास्टिक. पुन्हा पुढे आला तर गडी हजर!

हे मागे जाऊन बघणं मला भारी आवडतं. गाडी बंद पडली की टाकीचं झाकण उघडून न बघता थेट माझ्याकडे ढकलत आणणारी माणसं मी रोज बघतो. त्या मानाने हा निम्मा मेकॅनिक म्हणायचा.

त्या दिवशी मी स्टूल घेऊन घड्याळ लावलं. चाळीस मिनिटं. मध्ये दोनदा जास्वंदीवर जाऊन मध पिऊन आला, आमच्याकडे बांधावरून भांडणारे चहापुरते घरी जाऊन येतात तसा. एवढा वेळ का, तर खऱ्या भांडणात कोणीतरी हरतो आणि उडून जातो. इथे समोरचा बरोबर तेवढ्याच ताकदीचा. हा दमला की तोही दमणार. हा उडाला की तोही उडाला. म्हणजे संध्याकाळी दोघेही आपणच जिंकलो अशा समजुतीत झोपत असणार. मागे राहतात ते आरशावरून ओघळलेले पांढरे डाग, आणि ते पुसायचे तुम्ही.

उपाय सोपा आहे. गाडी उभी केली की आरशावर जुना मोजा चढवायचा. प्लास्टिकची पिशवीही चालते, पण ती वाऱ्याने उडून रस्त्यावर जाते. मोजा बरा. जोडी हरवलेले मोजे प्रत्येकाच्या घरी असतातच, माझ्या गॅरेजात तर आता त्यांची वेगळी पेटी आहे. पहिल्यांदा मी शिक्षिकाबाईंच्या एकाच आरशाला मोजा घातला. तो दुसऱ्या आरशावर गेला. त्यालाही घातला, तर शेजारच्या बुलेटच्या हेडलाइटच्या चकचकीत कडीशी त्याने भांडण काढलं. त्या कडीत त्याला स्वतःचा शत्रू चांगलाच फुगलेला दिसत असणार, तरी मागे हटला नाही.

या सगळ्या गडबडीत मादी काय करत होती? गॅरेजच्या पत्र्याखाली केबलचा एक तुटका तुकडा लोंबतो. त्याच्या टोकाला ती कोळ्याची जाळी, गवताच्या काड्या, सालीचे कपटे लावत होती. लांबून बघितलं तर वाऱ्याने अडकलेला केर. जवळून बघितलं तर बटव्यासारखं घरटं, आणि दारावर पाऊस-उन्हासाठी छोटी वळचणसुद्धा. घरटं बांधायचं तिने, अंडी उबवायची तिने. पिल्लांना भरवायला मात्र तो येतो, तेव्हा अगदीच ऐतखाऊ म्हणता येणार नाही. पण बांधकामाच्या ऐन दिवसांत साहेब बुलेटशी झुंजत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शिंजिराच्या बाजूने एक सांगायला हवं. दयाळ, धोबी, बुलबुल हेही विणीच्या दिवसांत आरशाशी आणि खिडकीच्या काचेशी असेच भांडतात. आरशात स्वतःला ओळखणं ही फार वरच्या इयत्तेची गोष्ट आहे. २००८ साली जर्मनीत हेल्मुट प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅगपाय या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांच्या गळ्यावर रंगीत टिकली चिकटवली, आरशाशिवाय दिसणार नाही अशा जागी. काही मॅगपायांनी आरशात बघून आपल्याच गळ्यावरची टिकली काढायची खटपट केली. जगभर गवगवा झाला. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून बघितला, तेव्हा त्यांचे मॅगपाय काही पास झाले नाहीत.

दुसऱ्याचा चेहरा ओळखण्यात मात्र आमचे गाववाले कावळे कोणाला ऐकायचे नाहीत. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा कोणीही घालून फिरला तरी कावळे त्याच्या अंगावर ओरडत येत, आणि तेही वर्षानुवर्षं. तिथल्या कावळ्यांची जात वेगळी आहे. पण हे वाचलं तेव्हा मला आमच्या पोऱ्याची आठवण झाली. मागच्या आंब्यावर कावळ्यांचं घरटं होतं, त्यात निम्म्या काड्या आणि निम्मे माझे क्लच वायरचे तुकडे. मे महिन्यात पिल्लू खाली पडलं, पोराने दया येऊन उचलून फांदीवर ठेवलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून तो फाटकातून आत शिरला की वरून टप्पल. मी जात होतो, गिऱ्हाइकं जात होती, कोणाला काही नाही. पाऊस लागेपर्यंत पोरगा अंगणात हेल्मेट घालून पंक्चर काढायचा. रस्त्यावर कधी घालत नाही, तिथे घातलं.

आता शुभ-अशुभाचं. भारद्वाज, ज्याला कोकणात कुकुडकोंबा म्हणतात, तो सकाळी दिसला की दिवस चांगला जातो असं आपल्याकडे मानतात. मीही मानायचो. दोन वर्षांपूर्वी बुलबुलाच्या जोडीने माझ्या ऑइलच्या डब्यांच्या फळीवर घरटं केलं. तीन पिल्लं. एका सकाळी तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज ऐटीत चालत आला, फळीवर चढला आणि एक पिल्लू उचलून गेला. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी आला. त्याचं ते खाणंच आहे, गोगलगाय, सरडा, अंडी, पिल्लं, जे मिळेल ते. त्याला तरी काय बोलणार? पण शुभशकुन म्हणजे काय हे त्या बुलबुलाला जाऊन विचारा.

आणि टिटवी बिचारी अशुभ! रात्री ओरडली की म्हातारी माणसं अंगणात येऊन बघतात. दुरुस्त केलेल्या गाडीची ट्रायल घ्यायला मी सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरच्या, रस्त्याने जातो. एकदा गाडी थांबवून सड्यावर उतरलो आणि टिटवीने डोक्यावर घिरट्या घालून कान किटवले. मग समोर उतरली, एक पंख जमिनीवर घासत लंगडत चालू लागली. मला वाटलं, पंख मोडला. चार पावलं तिच्या मागे गेलो. आणखी चार. बरीच लांब नेल्यावर बाईंचा पंख एकदम बरा झाला आणि त्या ओरडत उडून गेल्या. तेव्हा कुठे कळलं, मी तिच्या अंड्यांजवळ उभा होतो. उघड्यावर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच ठेवलेली असतात, पायाखाली आली तरी कळत नाही. कडक उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. त्या दिवशी गाडीचा कोणता आवाज तपासायला गेलो होतो ते विसरलो, गिऱ्हाईक मात्र विसरलं नाही.

पायलटाचं राहिलं. त्याने दोन मोजे नेले, एक राखाडी, एक शाळेचा पांढरा. "देव बरें करूं" म्हणाला. आठवड्याने पुन्हा आला तेव्हा चेहरा खुलला होता. पक्षी बंद, धंदा सुरू, आणि बायकोच्या मते हा कौलाचा गुण. मी काही बोललो नाही. पण गडबडीत एका सकाळी तो मोजे न काढताच भाडं घेऊन निघाला आणि ट्रॅफिक हवालदाराने अडवलं. "हे काय? आरशांना मोजे?" याने शिंजीर, हंगाम, भांडण, बुलेटची कडी, मी सांगितलेलं सगळं त्यांना ऐकवलं. हवालदार पावतीपुस्तक हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग पुस्तक मिटून खिशात घातलं, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ह्या गॅरेजवाल्याचा पत्ता काय? आमच्या बेडरूमच्या खिडकीवर पण एक येतो."