मारुती ८०० चं गळकं प्रकरण: क्रँक सील नव्हे, डेल्को!

गिअरबॉक्स उतरवायचा नाहीये! हे आधी सांगून टाकतो, कारण मागची नोंद वाचून निम्म्या मंडळींनी ‘मागचं क्रँक सील (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे ऑइल अडवणारं रबरी कडं) गेलं, आता खर्चाला तयार राहा’ असा निकाल लावला होता. आमचे बडोद्याच्या वाडी भागातले मिस्त्री तर त्याही पुढचे. बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, ‘‘में तो पहेलां ज ना पाडी’ती. जूनी गाडीमां सिन्थेटिक ना नखाय.’’ म्हणजे, मी तर आधीच नको म्हटलं होतं, जुन्या गाडीत सिंथेटिक घालायचं नसतं.

नव्यांसाठी एवढंच: कार्ब्युरेटरवाली ८००, वर्षानुवर्षं जाड २०डब्ल्यू५० मिनरल (खनिज) ऑइलवर चाललेली. तिच्यात पातळ ५डब्ल्यू३० फुल सिंथेटिक भरलं. सकाळचा स्टार्ट सुधारला, इंजिन मोकळं फिरायला लागलं, टॅपेटची टकटक जराशी वाढली. आणि मग बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या खोळीच्या) तळाशी थेंब लोंबायला लागला. पोर्चमध्ये डाग पडला तो नेमका आईच्या रांगोळीच्या जागेवर. त्यावरून घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.

बेल हाउसिंगमधून ऑइल म्हणजे क्रँक सील, हे गणित सगळ्यांना पाठ आहे. पण ऑइल वरूनही उतरतं. आपल्या ८०० मध्ये डेल्को, म्हणजे स्पार्क प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, बसतो हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडच्या टोकाला. तिथून निघालेला ओघळ हेडच्या कडेने खाली येतो आणि बेल हाउसिंगवर जमतो. खालून टॉर्च मारणाऱ्याला सील गेल्यासारखंच दिसणार.

डेल्कोवर प्लास्टिकची पिशवी बांधून आधी डिझेल आणि ब्रशने सगळं धुऊन घेतलं. टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणारा ब्रीदर पाइप काढला तर आतून अर्धा बुजलेला. क्रँककेसमधल्या दाबाला वाट मिळाली नाही की तो असेल त्या फटीतून ऑइल बाहेर ढकलतो. पाइप साफ केल्यावर थेंब कमी झाला, थांबला नाही. मग यूव्ही डाय (ऑइलमध्ये मिसळायचा, खास उजेडात चमकणारा रंग) आणि निळा टॉर्च. या प्रकाराबद्दल माझं मत चांगलं नाही. जिथे जिथे ऑइल पसरलंय ते सगळंच पिवळंहिरवं चमकतं, सुरुवात कुठली ते कळतच नाही. पैसे पाण्यात.

जमलं ते घामोळ्यांच्या पावडरीने. इंजिन पुन्हा धुऊन, कोरडं करून, हेडच्या मागच्या बाजूला आणि बेल हाउसिंगवर भरपूर पावडर उडवली. अकोट्यावरून मांजलपूरला एक चक्कर मारली, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन तापू दिलं. आरसा घालून बघतो तर बेल हाउसिंगचा तळ पांढराशुभ्र आणि डेल्कोच्या मानेखालून निघालेली एकच बारीक काळी रेघ. मिस्त्रींना बोलावून दाखवली. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘‘सिलिकॉन मारी दईए.’’

सिलिकॉन अजिबात नाही. आत सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या गाळणीत अडकला तर इंजिनाचीच वाट. डेल्कोच्या बॉडीवर आणि हेडवर पंचने खूण केली, रोटरचं (डेल्कोतल्या फिरत्या तुकड्याचं) तोंड कुठे आहे त्याचा फोटो घेतला. गिअरचे दाते तिरपे असल्यामुळे ओढताना रोटर फिरतो, बसवताना तेवढंच उलटं धरून सोडावं लागतं. मानेवरचा ओ-रिंग (रबरी कडं) बघण्यासारखा होता: गोलपणा गेलेला, बाहेरची कड चपटी आणि चकचकीत. नखाने उचलायला गेलो तर काचेच्या बांगडीसारखा टचकन तुटला. नवा चहाच्या पैशांत आला. टायमिंग लाइट लावून टायमिंग पुन्हा जुळवलं. ऑइल मुद्दाम बदललेलं नाही, तेच ५डब्ल्यू३० आत आहे. गाडीखाली रात्रभर ठेवलेला पुठ्ठा सकाळी कोरा!

मग सिंथेटिक निर्दोष का? पूर्णपणे नाही. मिनरलमधल्या ॲरोमॅटिक्समुळे जुनं रबर थोडं फुगलेलं राहतं. पीएओ (अस्सल सिंथेटिक) बेसमध्ये तो गुण नाही, म्हणून त्यात एस्टरसारखं काहीतरी घालून तोल सांभाळतात. पण माझ्या मते खरा फरक ग्रेडचा आहे. ४० अंशाला २०डब्ल्यू५० असतं साधारण १६०-१७० सेंटिस्टोक (जाडपणाचं माप), ५डब्ल्यू३० असतं साठ-पासष्ट. पातळ ऑइल कडक रिंगच्या कडेने निघणारच. लोक बेस आणि ग्रेड दोन्ही एकदम बदलतात आणि शिव्या खातं सिंथेटिक. त्यात डब्यावरचं ‘सिंथेटिक’ बऱ्याचदा ग्रुप थ्री, म्हणजे हायड्रोक्रॅक केलेलं खनिज तेलच. अमेरिकेत मोबिल-कॅस्ट्रॉल वादातल्या १९९९ च्या निकालानंतर तेही त्या नावाने विकायची मुभा मिळाली. वाईट नसतं, पण पीएओचा भाव कशाला द्यायचा?

आणि ५डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी होते उणे ३० अंशाला. बडोद्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बाराच्या आसपास. तो आकडा इथे निव्वळ शोभेचा.

ठरवलं होतं की पुढच्या वेळी १५डब्ल्यू५० फुल सिंथेटिक भरायचं, म्हणजे ग्रेड जाड ठेवून फक्त बेसची परीक्षा होईल. हे लिहिता लिहिता मन बदलतंय. ही गाडी बहुतेक रावपुऱ्यापर्यंत जाते आणि परत येते, धड तापतही नाही. चोक ओढून सुरू केलं की पेट्रोल तळाच्या ऑइल संपमध्ये उतरतं, वर ओलावा साठतो. ते ऑइल किलोमीटर न बघता कॅलेंडरनेच टाकून द्यावं लागणार, मग त्याच्या दहा हजार किलोमीटरच्या ताकदीचं मी काय करू? भाचीच्या टर्बोवाल्या गाडीला सिंथेटिक हवंच, तिथे टर्बोच्या बेअरिंगमध्ये साधं ऑइल जळून कोळसा होतं. ८०० ला १५डब्ल्यू४० मिनरल, सहा महिने किंवा पाच हजार, जे आधी होईल ते.

फक्त त्याआधी, आत्ताचं ऑइल असतानाच, अहमदाबादपर्यंतच्या ९३ किलोमीटर एक्स्प्रेसवेवर गाडी सलग तापवून घेतो. नवा रिंग नायट्राइलचा (साध्या रबराचा) आहे, हेडच्या उष्णतेत तोही कधीतरी कडक होणारच. डेल्कोच्या मानेच्या मापाचा व्हायटनचा (जास्त उष्णता सोसणाऱ्या रबराचा) कुणाकडे असेल तर माप आणि दुकान दोन्ही कळवा. टॅपेट कव्हरचं गॅस्केटही तेव्हाच बदलीन. कॉर्कचं नको, रबरचं.