लिरामध्ये पगार घेणाऱ्यांचं इस्तंबूल

बडोद्याला फोन केला की तुर्कस्तानच्या चलनाचा, लिराचा विषय निघतोच. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सगळ्यांची एक समजूत आहे: चलन घसरलं म्हणजे देश स्वस्त झाला. खिशात डॉलर घेऊन आलेल्या पाहुण्याला काही काळ तसं वाटलंही. मी मात्र इथे इस्तंबूलमध्ये एका कापड कंपनीत हिशेब बघते आणि माझा पगार लिरामध्ये होतो. त्यामुळे मला जे दिसलं ते वेगळं आहे. ते घरच्यांना नीट सांगावंसं वाटतं, कारण “रिझर्व्ह बँकेने व्याज कमी करायला काय हरकत आहे?” हा प्रश्न आमचा दादा दर दोन-तीन महिन्यांनी विचारतो.

इथली सगळ्यात मोठी नोट २०० लिरांची. ती २००९ मध्ये आली तेव्हा तिचे शंभराहून जास्त डॉलर मिळायचे. २०२४ संपताना सहासुद्धा मिळत नव्हते. नोट तीच, रंग तोच. घरभाडं रोख द्यायचं असेल तर आता पिशवी न्यावी लागते.

हे काही तुर्कस्तानच्या नशिबातच होतं असं नाही. २००१ च्या मोठ्या आर्थिक संकटानंतर इथल्या मध्यवर्ती बँकेला कायद्याने स्वायत्तता दिली गेली. २००५ मध्ये नोटांवरची सहा शून्यं काढली आणि पुढे दहाएक वर्षं महागाई बहुतेक दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहिली. त्या वर्षांबद्दल ऑफिसातली जुनी माणसं फार जिव्हाळ्याने बोलतात. लोकांनी लिरामध्ये दहा-दहा वर्षांची गृहकर्जं काढली होती! मग जुलै २०१९ ते मार्च २०२१ या काळात बँकेचे तीन गव्हर्नर बदलले गेले. त्यातले तिसरे नाजी आबाल. त्यांनी व्याजदर १९ टक्क्यांवर नेला आणि दोन दिवसांत त्यांना हटवलं. व्याज वाढवल्यानेच महागाई वाढते, असं राष्ट्राध्यक्ष एर्दोआन जाहीरपणे सांगत होते. सप्टेंबर २०२१ पासून दर उतरत गेले, तशी महागाई चढत गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यांनुसार महागाई ८५ टक्क्यांच्या वर होती आणि त्याच महिन्यात बँकेने आपला दर आणखी खाली आणून १०.५ केला.

या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात माणसं कशी चिरडली गेली ते मी रोज बघत होते.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. आयुष्यभराची पुंजी त्यांनी लिरामध्ये मुदत ठेवीत ठेवली होती. डॉलर घेणं त्यांना देशाशी बेइमानी केल्यासारखं वाटायचं. त्या ठेवीतून घराची डागडुजी करायची होती, पण ठेवीची मुदत संपेपर्यंत त्या पैशात एक स्वयंपाकघरही होईना. याच काळात ज्यांची बँकेत पत होती त्यांनी बारा-पंधरा टक्क्यांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले. वर्षभरात फ्लॅटचा भाव दुप्पट झाला आणि हप्ता चहापाण्याच्या खर्चाएवढा उरला. बाईंच्या ठेवीतलं मोल कुठे गेलं, याचं उत्तर त्या फ्लॅटमध्ये आहे. कोणी चोरी केली नाही, कुठे तक्रार नोंदवता येत नाही. मला याचा फार संताप येतो, कारण स्वस्त व्याज हे सामान्यांच्या नावाने मागितलं गेलं होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने आणखी एक योजना आणली: लिरामध्ये ठेव ठेवा, डॉलर वधारला तर फरक आम्ही भरून देऊ. म्हणजे ज्याच्याकडे ठेवायला भरपूर पैसे, त्याचं नुकसान सरकारी तिजोरीतून भरलं जाणार. आणि त्या तिजोरीत पाव विकत घेताना कर भरणाऱ्या बाईचाही पैसा.

ऑफिसात पगारवाढ जानेवारीत आणि मग जुलैत अशी दोनदा व्हायची. मार्च उजाडेपर्यंत जानेवारीची वाढ विरलेली असायची. धागा पुरवणारे सकाळी दिलेला भाव संध्याकाळी पाळत नसत. अंदाजपत्रक करणं माझं काम, पण सहा महिन्यांपुढचा रकाना भरताना हात थांबायचा. भाडेकरूंसाठी जून २०२२ पासून दोन वर्षं कायदा होता की भाडं वर्षाला २५ टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही. हेतू चांगला होता, पण त्यामुळे घरमालकाला जुना भाडेकरू डोळ्यांत खुपायला लागला. “मुलाला घर लागणार आहे, खाली करा” ही सबब मी कितीतरी जणांकडून ऐकली. वर्षानुवर्षं सणाला एकमेकांकडे मिठाई पाठवणारी माणसं कोर्टात समोरासमोर उभी राहिली.

लग्नात इथेही सोनं देतात. पावणेदोन ग्रॅमचं, बावीस कॅरटचं छोटं नाणं लाल फितीने नवरीच्या अंगावर टाचतात. ते परवडेना, तशी एक ग्रॅमची, पुढे अर्ध्या ग्रॅमची नाणी दिली जाऊ लागली. बडोद्यात मांडवीजवळच्या सराफाकडे आत्यासोबत बसून अंगठी हलकी करून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यामुळे यातला संकोच मला वेगळा सांगावा लागला नाही.

बडोदेकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. गायकवाडांच्या राज्यात बाबाशाही रुपया चालायचा आणि इंग्रजी कलदार रुपयाच्या तुलनेत त्याचा भाव खाली-वर व्हायचा. सयाजीरावांच्या कारकिर्दीतच तो बंद झाला. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेल्या आंबेडकरांनी पुढे १९२३ मध्ये लंडनहून रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. (१९१७ मध्ये आपल्या शहरात त्यांना राहायला धड जागा मिळाली नाही, हेही आपण विसरता कामा नये.) रुपयाचा बाजारातल्या वस्तूंशी असलेला भाव स्थिर राहिला पाहिजे आणि चलन किती काढायचं हे सरकारच्या मर्जीवर सोडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. भाव चढतात तशी मजुरी चढत नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. मी ते इस्तंबूलच्या पगारपत्रकात पाहिलं.

आपल्याकडे २०१६ पासून व्याजदर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती आहे. तिला महागाई चार टक्क्यांवर, फार तर दोन ते सहाच्या मध्ये ठेवायची आहे. सलग तीन तिमाही ते जमलं नाही तर रिझर्व्ह बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागतो, आणि २०२२ मध्ये तो द्यावा लागला. त्यांचे सगळेच निर्णय बरोबर असतात असं मी म्हणत नाही. पण चूक झाली की जाब द्यायची सोय आहे, आणि दर वाढवला म्हणून दोन दिवसांत कोणाला घरी पाठवलं गेलं नाही.

दादा, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्के झाला तेव्हा तुझा हप्ता वाढला, ते मला माहीत आहे. इथे दर उशिरा वाढवायला घेतले. जून २०२३ मध्ये ८.५ होता, तो मार्च २०२४ मध्ये ५० वर न्यावा लागला. त्यानंतरही त्या वर्षअखेरीस महागाई ४४ टक्के होती. माझ्या टीममधल्या पंचविशीतल्या मुलांपैकी कोणीही गृहकर्जाची चौकशीसुद्धा करत नाही.

आत्याने परवा विचारलं, तुझं ऐकून भीती वाटते, एफडी मोडून सगळं सोनं घेऊ का? मी नको म्हटलं. रुपयातली तिची ठेव महागाईच्या जवळपास राहते, तिच्या औषधांचा पुढच्या वर्षीचा खर्च तिला आज मांडता येतो. शेजारच्या बाईंना तो मांडता येत नाही.