आमच्या गाडीतला दुसरा तंबोरा

"अरे, हा दुसरा तंबोरा कोण छेडतंय?"

अप्पांनी असं विचारलं तेव्हा आम्ही नव्या कात्रज बोगद्याच्या अलीकडे होतो. पेन ड्राइव्हवर त्यांच्याच भजनी मंडळाची जुनी कॅसेट लावलेली. १९९४ च्या काकड्याला कुणीतरी साध्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेली. पेटीवर स्वतः अप्पा. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा एकच आहे हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मी आवाज कमी केला. भजन विरत गेलं आणि मागे एक बारीक 'कुईं' उरली. अॅक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. आणि गाडीतल्या साउंडवर पन्नासेक हजार घालून मला जेमतेम तीन दिवस झाले होते.

गाडी मोठी, सात आसनी डिझेल, सेकंड हँड घेतलेली. कंपनीचे स्पीकर चारच, पातळ कागदी कोनाचे. तिसऱ्या रांगेत काहीच नाही. मागची पोरं "आवाज वाढव" म्हणून ओरडणार आणि वाढवला की पुढे अप्पा कानावर हात ठेवणार. स्क्रीन बदलायची नव्हती, कारण रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं तिलाच जोडलेली. म्हणून दुकानदाराने मार्ग काढला तो असा: स्क्रीनमधून स्पीकरकडे जाणारी लाइन हाय-टू-लो कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे स्पीकरचा जोरदार सिग्नल हलका करणाऱ्या डबीत घ्यायची, तिथून आरसीए केबल (हा हलका सिग्नल नेणारी) डिकीतल्या, त्याला पुन्हा जोर देणाऱ्या चार चॅनलच्या अ‍ॅम्पला, अ‍ॅम्पवरून चारही दारांत साडेसहा इंची नवे स्पीकर, आणि डाव्या सीटखाली खास बेससाठी आठ इंची चपटा सबवूफर. कल्पना चांगली होती, अजूनही आहे. ट्विटर (वरच्या बारीक सुरांचे छोटे स्पीकर) मात्र पुढच्या खांबावर बसवू दिले नाहीत. त्या पॅनेलमागे पडद्याची एअरबॅग गुंडाळलेली असते. तिथे भोक पाडायला ड्रिल घेऊन आलेल्या पोराला मी हाताला धरून थांबवलं.

पहिली चूक घरी येईपर्यंतच कळली होती. बेस अगदी पोकळ. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला की बेस येतो, पूर्ण उजवीकडे नेला तरी येतो, मधोमध आणला की गायब. म्हणजे पुढच्या दोनपैकी एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी. एकाचा कोन बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोघं मिळून एकमेकांचा बेस खातात. पार्किंगमध्ये दाराची पॅडं काढली, अ‍ॅम्पकडची टोकं सोडवली आणि घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल वायरींना क्षणभर टेकवला. डाव्या दाराचा कोन 'टप्प' करून बाहेर आला, उजव्याचा आत गेला. उजवीकडच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, दहा मिनिटांत काम झालं. स्वतःवर जाम खूश होतो मी.

ती खुशी कात्रजपर्यंतच टिकली.

दुकानात परत गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "दादा, डिझेल गाडीत एवढं येणारच, टर्बोचा आवाज आहे तो." मग त्याने आरसीएच्या मधे एक छोटी डबी लावली, नॉइज फिल्टर म्हणून. कुईं खरंच कमी झाली. संध्याकाळी अप्पा मागे बसले, दोन अभंग ऐकले आणि म्हणाले, "पखवाजाची कणकेची बाजू कुठे गेली? नुसती शाई वाजतेय." बरोबर होतं त्यांचं, कणीक लावलेल्या बाजूचा घुमणारा खालचा सूरच गेला होता. त्या डबीत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातले असले की खालचा सूर त्यांच्यातून धड पार होत नाही. डबी काढून टाकली. त्यावर दुकानदाराने सांगितलं की अ‍ॅम्पच बदलावा लागेल, आणखी अठरा हजार.

अठरा हजार वाचले ते अप्पांमुळे. एका रविवारी त्यांना गाडीत बसवलं, स्क्रीनवरचा आवाज शून्यावर नेला. कुईं होती तेवढीच राहिली. म्हणजे गोंधळ व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे कुठेतरी शिरत होता. गाण्याचा, ब्लूटूथचा यात दोष नाही. इंजिन आयडलिंगला, आरपीएमचा काटा साडेसातशेवर. अप्पांनी मान तिरकी केली, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "काळी दोनच्या आसपास आहे. फार वर आहे, पण सूर तोच." मग तोंडाने त्यांनी त्यांच्या सप्तकात तो सा धरला. मी न्यूट्रलमध्येच हळूहळू अॅक्सिलरेटर दाबत गेलो. हजार, बाराशे, चौदाशे. अप्पांचा सा तसाच स्थिर आणि वरची कुईं पायऱ्या चढत निघालेली. काटा पंधराशेवर आला आणि त्यांनी चुटकी वाजवली. "आला बघ. तोच सा, एक सप्तक वर."

साडेसातशेच्या दुप्पट पंधराशे. आणि स्वर एक सप्तक चढला म्हणजे त्याची कंपनं दुप्पट झाली. टर्बो असा इंजिनच्या फेऱ्यांशी पट्ट्याने बांधलेला नसतो, अल्टरनेटर असतो. तो एसी वीज तयार करतो, आतले डायोड तिची डीसी करतात, पण त्या डीसीवर बारीकशी लहर उरतेच. एरवी ती बॅटरी पिऊन टाकते. आमच्याकडे ती कुठून तरी अ‍ॅम्पमध्ये घुसत होती आणि स्पीकरमधून गात होती.

कुठून, हे शोधायच्या आधी मधे एक लग्न आलं. गाडी गावी अंगणात चार दिवस उभी राहिली आणि निघायच्या दिवशी सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. बॅटरी ठार. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी चालू केली. पुण्यात आल्या आल्या तपकीर गल्लीतून मल्टीमीटर आणला, दहा अँपिअरच्या रेंजवर बॅटरीच्या मायनसमध्ये लावला आणि बोनेट उघडं ठेवून अर्धा तास थांबलो. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. एरवी उरणारा करंट पन्नास मिलिअँपिअरच्या आत असायला हवा. इथे ०.९ अँपिअर! दिवसाला जवळपास २२ अँपिअर-अवर, आणि बॅटरी सत्तरची. डिकीचं पॅनेल काढून पाहिलं तर अ‍ॅम्पचा निळा दिवा दिवसाढवळ्या चालू. त्याला 'आता उठ, आता झोप' सांगणारी रिमोट वायर कायम करंट असलेल्या लाल वायरीला पिळून टाकली होती.

आता मात्र मी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाणं लावलंच नाही. पहिल्यांदा अ‍ॅम्पच्या आरसीए पिना उपटल्या: कुईं बंद. लावल्या: चालू. "अ‍ॅम्प शाबूत आहे," म्हणाले. मग मीटरच्या काळ्या पिनेला सहा मीटर वायर जोडून ती बॅटरीच्या मायनसला लावली. इंजिन, एसी, हेडलाइट सगळं चालू. लाल पिन कन्व्हर्टरच्या अर्थला, म्हणजे त्याच्या मायनसच्या जोडणीला टेकवली: ०.०२ व्होल्ट. अ‍ॅम्पच्या अर्थला: ०.४५.

"दोघांचं शून्य वेगळं आहे बघा," चाचा म्हणाले. एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये फरक पडला की करंट वाट शोधतो, आणि आरसीएचं बाहेरचं जाळीचं वेष्टण ही त्याला आयती वाट मिळते. अल्टरनेटरची लहरही त्याच वाटेने येते.

कार्पेट उचललं. अ‍ॅम्पची काळी वायर एका पत्र्याच्या स्क्रूने थेट रंगावर आवळलेली. स्क्रूच्या आट्यांचा पत्र्याला जेवढा स्पर्श, तेवढंच अर्थिंग. चाचांनी शेजारी नखाएवढा रंग खरवडून तिथे पिन लावली: ०.१५. म्हणजे ०.३० त्या एका स्क्रूने खाल्ले होते. उरलेले ०.१५ बोनेटखाली सापडले. अशा काही मोठ्या गाड्यांत बॉडी वेगळी आणि खालची चासी वेगळी असते, मधे रबरी बुश. बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा रस्ता एखाद्या विणलेल्या पट्टीवर अवलंबून असतो. आमच्या पट्टीच्या टोकाला हिरवट-पांढरी बुरशी धरली होती. पट्टी नवी लावली. मागे रंग खरवडून, दात्यांचा वॉशर घालून बोल्ट आवळला, कन्व्हर्टरची अर्थही तिथेच आणली, आणि वर रंगाचा हात मारला, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो. मी मधेच सुचवलं होतं की सीटबेल्टचा जाड बोल्ट आयता आहे. त्यावर चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

मग त्यांनी बॅटरीवरून मागे आलेली लाल केबल ब्लेडने खरवडली. दुकानदाराने 'शुद्ध कॉपर' म्हणून दिलेली. वरचा तांब्याचा मुलामा निघाला आणि आतून पांढरी, जर्मनच्या पातेल्यासारखी! छोट्या गाडीत एखादवेळ खपून गेली असती. आमच्या गाडीत बोनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर अंतर. तेवढ्या लांबीला आठ गेजची तांब्याची तार चाळीस अँपिअरला ०.४ व्होल्ट खाते, अॅल्युमिनियमची त्याहून बरीच जास्त. चार गेजची, म्हणजे आणखी जाड, खरी तांब्याची टाकली. फ्यूज तर चक्क अ‍ॅम्पपाशी होता. केबल वाटेत कुठे सोलवटून पत्र्याला लागली असती तर तो काय करणार होता? तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत आणला. आरसीए केबल लाल केबलच्या गळ्यात गळा घालून धावत होती, ती गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. रिमोट वायर चावी फिरवल्यावरच करंट येणाऱ्या फ्यूजवर घेतली.

शेवटी गेन, म्हणजे आलेला सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा डिकीतल्या यंत्रावरचा स्क्रू. तो दुकानात पूर्ण पिळून ठेवलेला. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे मला घरी वाचून कळलं. चार ओहमला पन्नास वॉट हवे असतील तर दोघांचा गुणाकार दोनशे, त्याचं वर्गमूळ साधारण १४.१. स्पीकर सोडवून, स्क्रीनचा आवाज पाऊणवर ठेवून, एक हजार हर्ट्झचा टोन लावला आणि मीटर १४.१ व्होल्ट दाखवेपर्यंतच गेन वाढवला. पाव फेरीच लागली. पाठीमागची ती कायमची 'स्स्स'ही त्याबरोबर गेली.

जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात पुढचं कार्पेट ओलं झालं, ती शेवटची देणगी. दारात पॅडच्या मागे एक प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. काचेवरून आत उतरलेलं पाणी ते दाराच्या तळातल्या भोकांकडे वळवतं. स्पीकर बसवताना ते फाडून फेकून दिलेलं. जाड शीट आणि ब्यूटाइलची टेप आणून एका दुपारी चारही दारं केली. हाताला लागलेलं ते काळं चिकट दोन दिवस निघालं नाही.

चाचांकडून परत येताना कॅसेट पुन्हा लावली होती. बोगद्यात काचा बंद, तिसऱ्या गिअरला गाडी ओढत होती, आणि मागे काहीच नाही. पखवाजाची कणकेची बाजू सीटखालून पाठीला जाणवत होती. अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात लांब करून त्यांनीच आवाज दोन घरं वाढवला, डोळे मिटले आणि पुटपुटले, "आमच्या तंबोऱ्याची खर्जाची तार किंचित उतरली होती रे त्या दिवशी. तीस वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं."