भिवंडीहून आईस्क्रीम, सावद्याहून केळी: मे महिन्यातली रीफरची फेरी

भिवंडीत आईस्क्रीम भरायचं, जळगावला उतरवायचं आणि येताना सावद्याकडून केळी आणायची, ही आमच्या कंपनीच्या रीफरची, म्हणजे थंडी राखणाऱ्या बंद गाडीची, उन्हाळ्यातली ठरलेली फेरी. परवाच करून आलो. आमच्या फ्लीटमध्ये सध्या नवीन पोरं भरती होताहेत, बरेचसे साध्या बंद बॉडीवरून आलेले, हेवीचं लायसन पक्कं, घाटात हात एकदम साफ, पण मागचा बॉक्स थंड ठेवणाऱ्या युनिटचं काही माहीत नाही, आणि रोज फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी भुसावळकडचा, त्यामुळे ऊन किती होतं हे मला विचारू नका, मे मध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि आम्ही त्याला नेहमीचंच म्हणतो.

मुद्द्याचं आधी सांगतो. रीफरमधला माल चालत्या गाडीत फारसा खराब होत नाही, उभ्या गाडीत होतो. गेटवर, डॉकवर (माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यावर), हमाल चहा प्यायला गेलेत आणि दार सताड उघडं आहे तेव्हा. म्हणजे ड्रायव्हिंग जितकं येतं तितकंच उभं राहणं पण आलं पाहिजे.

भिवंडीत गाडी डॉकला लावायच्या आधी रिकामा बॉक्स गार करून घ्या, चांगला तासभर तरी. आईस्क्रीमला आमच्याकडे सेट पॉइंट, म्हणजे युनिटवर लावायचं तापमान, उणे २२ देतात, तुमच्याकडे ट्रिप शीटवर असेल तो लावा, मनानं काही नाही. आणि हे डोक्यात पक्कं बसवा की युनिट हे माल गार करायला नसतं, गार असलेला माल गार ठेवायला असतं. वेअरहाऊसमधून पेटी उणे १२ ला बाहेर आली तर तुमच्या गाडीत ती जळगावपर्यंत उणे २० होणार नाही, आणि तिकडं घेणारा मात्र ड्रायव्हरकडेच बघणार. म्हणून मालात खुपसून बघायचा प्रोब थर्मामीटर मागा, पुढच्या मधल्या मागच्या अशा दोन-चार पेट्या लोडिंगवाल्याच्या समोर तपासा आणि आकडा बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) लिहून त्याची सही घ्या. सुरुवातीला लोक तोंड वाकडं करतात, करू द्या. उणे १८ पर्यंत पण पोचलेला नसेल तर गाडी भरायच्या आधी कंट्रोल रूमला फोन.

दार उघडं असताना युनिट बंद ठेवायचं. नव्या पोरांना वाटतं चालू ठेवलं तर माल वाचेल, होतं उलटंच, पंखा बाहेरची गरम दमट हवा आत ओढतो, ती कॉइलवर (युनिटच्या थंड नळ्यांवर) बर्फ होऊन बसते आणि नंतर दार लावल्यावरसुद्धा थंडी धड फिरत नाही. माल छताजवळच्या लाल रेघेच्या वर नको, दाराला अगदी चिकटून नको, खालच्या नाळ्या पुठ्ठ्यानं बुजलेल्या नकोत. थंड हवा वरून मागं जाते आणि खालून परत येते, तिला वाट पाहिजे. आत जाताना जाकीट आणि हातमोजे घाला, आणि दार आतून उघडायचा खटका चालतो का ते आधी बघा, हे कोणी सांगत नाही.

आमचं लोडिंग दुपारी, निघालो संध्याकाळी. कंट्रोल रूमनं समृद्धी महामार्गाचा टोल मंजूर केला होता म्हणून भिवंडीजवळच्या आमण्याहून चढलो आणि इगतपुरीला उतरलो. हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला, त्यात इगतपुरीजवळ जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाट टळतो. टोल मंजूर नसेल तर कसाऱ्यानं जायचं, त्यात काही वाईट नाही, फक्त घाटात कंटेनरांच्या मागे अडकायची तयारी ठेवा. ज्यांचं युनिट गाडीच्याच इंजिनावर चालतं त्यांनी एक लक्षात ठेवा, जाममध्ये डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं की थंडी पण बंद. वेगळ्या इंजिनाचं युनिट असेल तर ती चिंता नाही, पण त्याला त्याचं डिझेल लागतं, युनिट आणि ऊन बघून तासाला दोन ते चार लिटर, आणि त्या टाकीचा काटा केबिनमध्ये दिसत नाही, खाली उतरून बघावा लागतो. घोटी, पिंपळगाव, चांदवड, लळिंग असे टोल पुढे आहेतच, फास्टॅगमध्ये पैसे कंपनी टाकते तरी निघताना एकदा विचारून घ्या.

आमच्याकडे रात्री १२ ते ४ गाडी चालवायची नाही असा नियम आहे, समोर कॅमेरा, डोळा मिटला की केबिनमध्ये बीप आणि तिकडे ऑफिसात पण बीप. शिव्या सगळेच देतात पण मला विचाराल तर नियम बरा आहे. मालेगावच्या अलीकडे कंपनीच्या यादीतल्या पंपावर हॉल्ट केला. युनिट डोक्यावरच धडधडत असतं, पहिल्या काही रात्री झोप लागत नाही, पुढे इतकी सवय होते की ते थांबलं तरच जाग येते. तशी आलीच, आणि लगेच कंट्रोल रूमचा फोन, टेम्परेचर चढतंय म्हणून. डिफ्रॉस्ट चालू होता. दर काही तासांनी कॉइलवरचा बर्फ वितळवायला युनिट स्वतःच हे करतं, तेवढ्यात डिस्प्लेवरचा आकडा चढतो आणि थोड्या वेळात खाली येतो. घाबरून दार उघडून आत बघायला जाऊ नका, तेच एक काम तेव्हा करायचं नाही. अर्ध्या तासानं पण खाली आला नाही तर मात्र बोंब मारा.

पहाटे चारला निघालो, लळिंगचा किल्ला उजाडायच्या आधीच मागे टाकला, धुळ्यात पारोळा चौफुलीवरून वळून फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. भिवंडीहून जळगाव चारशे किलोमीटरच्या आसपास आहे, ई-वे बिल (मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबानं मिळतं, रस्त्यात गाडी बंद पडली तर मुदत वाढवायला संपायच्या आधीचे ८ आणि नंतरचे ८ तास असतात, ते ऑफिसकडून करून घ्या, आपण फक्त वेळेत कळवायचं.

अजिंठा चौफुलीवरून एमआयडीसीत साडेसातला पोचलो ते मुद्दाम, ऊन तापायच्या आत खाली व्हावं म्हणून. तर ज्या स्टोअरला माल होता तिथं (नाव जाऊ द्या) आत जागाच नव्हती आणि तरी त्यांचा माणूस म्हणतो दार उघडा, एकेक पेटी घेतो. अजिबात उघडायचं नाही भो. जागा रिकामी, हमाल हजर, मोजणारा हजर, तेव्हाच सील तोडायचं, आणि त्याआधी सीलच्या नंबरचा फोटो. मी गेटवर इन टाइम लिहून शिक्का घेतला, युनिट चालू ठेवलं आणि गाडीच्या सावलीत बसलो. साडेदहाला बोलावलं. तोपर्यंत पत्रा तापलेला, पण आत उणे २१, लॉगरची (तापमान नोंदवणाऱ्या यंत्राची) प्रिंट दाखवली, माल निमूट उतरला. इन टाइम लिहिलेला नसता तर हॉल्टचा, म्हणजे थांबून राहिल्याचा, भत्ता पण गेला असता.

आता केळी. इथं साध्या गाडीवाल्यांपेक्षा जास्त गोंधळ रीफरवालेच करतात, कारण त्यांना वाटतं जितकं थंड तितकं चांगलं. केळीला १३ ते १४ लागतं. १३ च्या खाली बराच वेळ राहिली तर हिरवी असताना काही दिसत नाही, पिकवायला ठेवली की साल पिवळीधमक व्हायच्या ऐवजी मळकट राखाडी होते, मग व्यापारी तुमच्या गाडीचा नंबर शोधत येतो. आम्ही साडेतेरा लावतो. लावताना अधिक-उणेचं चिन्ह दोनदा बघा, काल उणे बाविसावर चालवलेल्या युनिटवर ही गफलत सहज होते.

त्याआधी युनिट बंद करून, दारं उघडी टाकून बॉक्स पूर्ण वितळू द्या, धुवा, सुकवा. जळगावच्या उन्हाचा हा एवढाच फायदा, अर्ध्या तासात खडखडीत. मग भुसावळवरून तापीचा पूल ओलांडून आमोदा, फैजपूर, सावदा. रस्ता केळीच्या बागांमधून जातो, अरुंद आहे, समोरून घड भरलेले ट्रॅक्टर येतात, त्यांना घाई नसते, तुम्ही पण करू नका.

पॅकहाऊसवर फण्या धुऊन, चीक काढून, खोक्यात भरलेल्या असतात. विचारायचं एकच, प्रीकूलिंग, म्हणजे भरायच्या आधी माल गार करणं, झालंय का. बागेतून आलेली केळी ३५-४० डिग्रीला असते, ती तशीच भरली तर युनिट पूर्ण रस्ताभर धापा टाकतं आणि मधली खोकी तशीच गरम. वरून केळी आतमध्ये श्वास घेत असते, स्वतःची उष्णता सोडते, म्हणून हवेची झडप सांगितली तेवढी उघडी ठेवा. आईस्क्रीमला ती बंद असते, म्हणून विसरायला होतं. एखादी पिवळी फणी दिसली तर काढायला लावा, तिच्या वायूनं बाकीची पण पिकायला लागतात. ताज्या केळीला ई-वे बिल लागत नाही, बिल्टी आणि वजनाची पावती मात्र बरोबर ठेवा. लोडिंग शक्यतो सूर्य मावळल्यावर मागून घ्या, पॅकहाऊसवाले समजूतदार असतात, त्यांचाही माल असतो.

जेवणाचं विचारता म्हणून, एरंडोल-पारोळा पट्ट्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खा, तिखट कमी सांगा, ते तरी तिखटच देतील. भरीत मे मध्ये मागू नका, ते थंडीचं, बामणोदच्या वांग्याचं, उन्हाळ्यात मिळतं ते नुसतं नावाला. जेवून लगेच घाट नको.

केबिनच्या एसीचंही सगळे विचारतात. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, माझी गाडी त्याआधीची, त्यामुळे ओला गमछा. जॉइन होताना कोणत्या सालची गाडी देणार ते पगाराच्या आधी विचारा, आणि हॉल्टचा भत्ता किती तासांनी सुरू होतो ते लेखी घ्या, कारण खान्देशात उन्हाळ्यात पैसे चालण्यात कमी आणि थांबण्यात जास्त आहेत. भिवंडीत केळी उतरली की पीओडीवर (माल पोचल्याच्या पावतीवर) टेम्परेचर, वेळ, शिक्का तिन्ही असल्याशिवाय गेट सोडू नका, फोटो काढून ग्रुपवर टाका आणि लगेच युनिटचं डिझेल भरून ठेवा, पुढच्या लोडिंगला पंपावर रांग असते.