92 कड्यांची चेन

मी अनेक वर्षे सायकली दुरुस्त करतो आणि जुनी माउंटन बाइक एकाच गिअरची करून देण्याचे काम मला नवे नाही. तरीही तीन महिन्यांपूर्वी केलेले असे एक काम अजून मनातून जात नाही.

सायकल 26 इंची चाकांची होती आणि मालकाची अट एकच होती: चेन ताणून धरणारा टेन्शनर मागे लटकता कामा नये. आस अडकवण्याच्या खाचा आडव्या असत्या, तर चाक मागे ओढून चेन हवी तेवढी ताणता आली असती. या फ्रेमच्या खाचा उभ्या होत्या, म्हणजे चाक एकाच जागी बसणार आणि चेनची लांबी जुळली तर केवळ योगायोगाने जुळणार.

ती जुळली. क्रँकच्या, म्हणजे पेडलांच्या दांड्यांच्या, मध्यापासून मागच्या आसेपर्यंतचे अंतर 430 मिलिमीटर भरले आणि पुढच्या चक्राला 32, मागच्याला 16 दाते धरल्यावर हिशेब 92 कड्यांच्या अगदी जवळ आला. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), हँडलवरचे शिफ्टर आणि केबली काढणे म्हणजेच सगळे काम, असे माझे काही सहकारीसुद्धा मानतात आणि तिथेच ते चुकतात. जुन्या चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राचे, दाते गिअर बदलताना चेन सहज सुटावी म्हणून आखूड केलेले असतात, म्हणून मी पूर्ण उंचीच्या दात्यांची नवी रिंग बसवली. बाहेरची रिंग निघाल्यामुळे लांब पडलेले बोल्ट बदलून आखूड घातले. मग फ्रीहबवरचे, म्हणजे मागचे दातेरी चक्र बसते त्या भागावरचे, स्पेसर (अंतर राखणाऱ्या चकत्या) एकेक करून या बाजूचे त्या बाजूला केले आणि मागून पाहिल्यावर चेन पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसेपर्यंत थांबलो नाही. मला त्या कामाचा खरोखर अभिमान वाटला.

तीन महिने चिखलात चालल्यावर ती सायकल परत आली. दगडी चढावर मालक पेडलवर उभा असताना चेन उतरली, पाय एकदम खाली गेला आणि गुडघा हँडलवर आदळला. मी चेन मोजली, तेव्हा ती अर्धा टक्का वाढलेली होती. नेहमीच्या गिअरच्या सायकलीत एवढी वाढ डिरेलर सामावून घेतो आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे 1168 मिलिमीटर लांबीच्या चेनमध्ये सुमारे 6 मिलिमीटरांची भर पडली होती आणि त्यामुळे खालची बाजू तीन सेंटिमीटरांहून अधिक लोंबत होती. चाक मागे सरकवायला जागाच नव्हती. चेनमधून कड्या जोडीनेच काढता येतात आणि एक जोडी काढली तर पूर्ण इंच कमी होतो, म्हणजे चेन चढणारच नाही.

आता त्या सायकलीला नवी चेन आणि टेन्शनर आहे. मालकाने स्वतःच तो बसवायला सांगितला आणि एका शब्दानेही मला दोष दिला नाही. चेन झिजते आणि लांबते, हे मला त्या दिवशीही ठाऊक होते. तरी 6 मिलिमीटरांचा हा हिशेब मी आधीच त्याच्यासमोर का मांडला नाही, याचे उत्तर शोधू लागलो की ती सरळ बसलेली चेन पाहून मला झालेला आनंदच दर वेळी आठवतो.